किल्ली लागत नसेल तर

९ फेब्रुवारी

दादा,

पोचले एकदाची. बोटीत पोटातलं सगळं बाहेर आलं. बोटवाला म्हणाला, "पहिल्या खेपेला सगळ्यांचं असंच होतं." मी त्याला सांगितलं नाही की बेट नवं असलं तरी बोटीची ही माझी चौथी खेप आहे.

बेटावर खोली एकच. टेबल, खाट, कंदील, आणि खिडकीला काचेऐवजी जाड प्लास्टिक. वारा सुटला की ते असं फडफडतं, की तू दुकानात मशीन चालवतोयस असं वाटतं. फोन नाही. वायरलेस आहे, पण तो वादळाच्या सूचनेपुरता आणि कुणाचं बरंवाईट झालं तर. पत्रं बोटीनं, आणि बोट तीन आठवड्यांनी. म्हणजे मी आज विचारलेल्याचं उत्तर मला मिळायला सहा आठवडे. तेव्हा भांडायचं असेल तर विषय टिकाऊ निवड.

मी निघाले तेव्हा तू दुकानात होतास, म्हणून हे तुला माहीत नाही. आईनं मला दारात थांबवून विचारलं, "तुमचं काम झालं का, बाई?" मी "झालं" म्हटलं आणि जिना उतरले. खाली फुटपाथवर उभी राहून रडले. तेवढ्यात वरच्या खिडकीतून हाक आली, "टिटवे, मफलर राहिला!" मफलर माझ्या गळ्यातच होता. पण दादा, टिटवी म्हणाली ना! मला दुसरं काही नको. सप्टेंबरात परत येईन तेव्हा तिनं मला एकदा, एकदाच, त्या नावानं हाक मारावी. तोवर तिला सांभाळ. आणि काही झालंच तर लपवाछपवी न करता सांग, मी काही काचेची नाही.

घराची किल्ली माझ्या जाकिटाच्या खिशात आहे. इथे तिचा काही उपयोग नाही, पण हात घातला की लागते.

तुझी,
टिटवी

*

२ मार्च

टिटवे,

पत्र मिळालं. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे तसंच आहे. पक्ष्यांत राहून ते सुधारेल अशी आशा मी सोडली.

आईला रोज दुकानात आणतो. स्टुलावर बसवतो, हातात कानस आणि एखादी रद्दी किल्ली देतो. तासन् तास घासत बसते. डोकं कुठेही असो, हात अजून जागेवर आहेत. परवा एकजण किल्ली घेऊन आला, अशीच दुसरी हवी म्हणाला. आईनं ती माझ्याआधी उचलली, डोक्यावरच्या खाचा अंगठ्यानं चाचपल्या आणि परत दिली. "दोन खाचा आहेत. ही नकलेची नक्कल. मूळ आणा." तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघता, बाबा गेल्यावर सव्वीस वर्षं दुकान हिनं चालवलंय, मी हिचा कारागीर.

खरंच आहे तिचं. दर नकलेत केसभर फरक पडतो, म्हणून दर नकलेला डोक्यावर एक खाच वाढवायची आणि नकलेवरून नक्कल करायची नाही. हा तिचा पहिला नियम. दुसरा तुला आठवतो का? एकदा मी एका दाराशी झटापट करून किल्ली आतच मोडली होती, तेव्हा तिनं माझा कान पिळून शिकवलेला. किल्ली लागत नसेल तर जोर लावायचा नाही. दार चुकलंय असं समजायचं, माफी मागायची, परत फिरायचं. परवा शेजारणीच्या कपाटाशी मी जरा खुडबुड केली, तर तोच नियम पुन्हा, तेच शब्द. फक्त कान पिळला नाही, कारण मी कोण हे तिला त्या वेळी ठाऊक नव्हतं.

आता खरी गोम. आई बाहेर पडायला लागली आहे. महिन्यात तीनदा. दाराचं कुलूप तिचंच, तिनंच बसवलेलं, आणि मूळ किल्ली तिच्या गळ्यात नाडीला. मी दुपारी गिऱ्हाइकाच्या घरी गेलो की ही शांतपणे दार उघडते, बाहेरून लावते आणि चालायला लागते. गेल्या गुरुवारी बसथांब्यावर सापडली. कुठे निघालीस म्हटलं, तर म्हणाली, "घरी." किल्ली काढून घेतली तर लहान मुलासारखी रडली, शेवटी परत दिली. शिवणवाल्या काकू दुपारच्या येऊन बसतात, पण त्यांचंही वय झालं. माझा जीव सतत टांगणीला. तू शिकलेली आहेस, काहीतरी सुचव.

दादा

*

२३ मार्च

दादा,

आधी तुझं काम, मग माझे पक्षी.

अरे, तू सबंध गावाची कुलपं बदलतोस! किल्ली काढून घेऊ नकोस, कुलूप बदल. किल्ली तिच्या गळ्यात राहू दे. तिला काही कळणारसुद्धा नाही आणि रडारडही नाही. ओढलं की आपोआप लागतं तसलं बसव, म्हणजे काकू विसरल्या तरी दार उघडं राहणार नाही. ताबडतोब बसव. बघ, खाली तीन रेघा मारल्या आहेत.

आता पक्षी. तुझ्या भाषेत सांगते. फार पूर्वी, हजारो वर्षांपूर्वी, वाऱ्यानं भरकटून चार-दोन पक्षी या बेटावर आले. सगळे एकाच घडणीचे. समज, मूळ किल्ली. बेटाच्या उत्तरेला टणक बिया. तिथे ज्याची चोच जरा जाड तो जगला, त्याची पिल्लं जाडचोची, त्यांतली आणखी जाड ती पुढे टिकली. दक्षिणेच्या दऱ्यांत मऊ सालीची झाडं. तिथे सालीखालचे किडे काढायला बारीक चोच बरी पडली. कुणी ठरवून केलं नाही. ज्याला खायला मिळालं तो उरला, एवढंच. पण गंमत पुढेच आहे. जाड चोचीला भरभर गाता येत नाही! ती उघडमीट करायलाच वेळ लागतो. म्हणून उत्तरेचे पक्षी संथ गातात आणि दक्षिणेचे चिवचिव चिवचिव एका दमात. पिल्लू गाणं शिकतं बापाकडून, आणि मादी जोडीदार निवडते ते आपल्या बापासारखं गाणाऱ्याला. झालं! उत्तरेचा दक्षिणेत जाऊन कितीही गळा काढो, कुणी मान वळवून बघत नाही. खाण्यानं चोच बदलली, चोचीनं गाणं बदललं आणि गाण्यानं घरं वेगळी झाली. एकाचे दोन पक्षी होताहेत, आणि मी कॅलिपर घेऊन ते मोजत बसले आहे. जगात यापेक्षा चांगली नोकरी नाही.

आईला वाचून दाखव. तिला किल्लीचं कळेल.

टिटवी

*

१३ एप्रिल

टिटवे,

कुलूप बदललं. तू सांगितलंस तसंच, ओढलं की लागणारं. आई स्टुलावर बसून बघत होती. मी शेवटचा स्क्रू आवळल्यावर उठली, चौकटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कुणी बसवलंय? वाकडं आहे." घरच्या घरी अब्रू गेली. मोजून बघितलं, खरंच अर्धं सूत वाकडं निघालं.

मग तिनं आपली किल्ली घालून बघितली. फिरली नाही. हळूच काढली, पदराला पुसली आणि बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. तिसऱ्या दिवशी नाही. मला जरा कसंतरी झालं. पण खरं सांगू? त्या आठवड्यात पहिल्यांदा मला दुकानात मान वर न करता काम करता आलं. जुनं कुलूप ड्रॉवरमध्ये तेल लावून ठेवलंय. तिचं काम आहे, टाकवत नाही.

तुझं पक्षीपुराण वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मूळ कुणाकडे आहे?" मी म्हटलं, टिटवीला विचारतो. तर सांग. मूळ पक्षी आहे का कुठे?

दादा

*

४ मे

दादा,

आईला सांग, मूळ कुणाकडेच नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर जे राहिले तेही इतक्या वर्षांत बदलले. पक्ष्यांत सगळ्या नकलाच असतात, नकलेच्या नकलेच्या नकला, आणि खाच मारून ठेवायला कुणी बसलेलं नाही. तिला हे आवडणार नाही. ती म्हणेल, कसलं हे दुकान!

पण तिला हेही सांग, की त्या चुकांवरच सगळं चाललंय. नक्कल हुबेहूब झाली असती तर जगात एकच पक्षी असता, एकाच रंगाचा, एकच गाणं गाणारा, आणि पहिल्या दुष्काळात संपला असता. केसभर चूक झाली म्हणून एवढे पक्षी. मी तर म्हणते, तुझी बहीण म्हणजे आईची अशीच एक चूक. किल्ल्या करायच्या सोडून चोची मोजते.

ती काय म्हणाली ते शब्दाला शब्द लिही. तिची वाक्यं मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवते. "वाकडं आहे" हे वाचून एकटीच इतकी हसले, की जाळीतला पक्षी घाबरला.

पिल्लं फुटायला लागली आहेत. माझे हात दिवसभर भरलेले. कुलपाचं जमलं हे वाचून जिवाला स्वस्थता आली. बघ, अधूनमधून माझं ऐकत जा.

टिटवी

*

२५ मे

टिटवे,

पत्र मिळालं. मोठ्यानं वाचलं.

आई आता बाहेर जात नाही. तिला त्रास असा काही नाही. काकू रोज येतात, बसतात, जातात. दुकान पंधरा दिवस बंद ठेवलं होतं, आता उघडलंय. हातातली कानस जरा नीट चालत नाही, होईल सवय.

तू तुझं काम नीट कर. अर्धवट टाकू नकोस. पिल्लांचं लिही.

दादा

*

१५ जून

दादा,

हे काय पत्र म्हणायचं का? किराणामालाची यादी यापेक्षा लांब असते. हाताला काय लावून घेतलंस? खरं सांग, मशीनमध्ये बोट गेलं ना? आणि आईचं एकही वाक्य नाही. बोलणं कमी झालंय का तिचं? असू दे. घरात रमली हेच खूप. त्रास नाही हे वाचून मी तुला शंभर गुन्हे माफ केले.

मी मात्र लांबलचक लिहिणार, कारण इथे जे घडलंय ते कुणालातरी सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

माझ्याआधी इथे ज्या बाई होत्या त्यांनी सात वर्षांपूर्वी दक्षिणेच्या एका दरीत एका बारीकचोच्या नराच्या पायात निळं कडं घातलं होतं. त्यानंतर दुष्काळ पडला. त्या दरीतली मऊ सालीची झाडं वाळली, किडे संपले, तिथले बारीकचोचे सगळे मेले. उरले ते काही उत्तरेकडून आलेले जाडचोचे, टणक बियांवर जगलेले. आज दरीत तेच राहतात आणि संथ गाणं गातात. निळ्या कड्याचा तो बाहेरच्या खडकावर उडून गेला असावा, कारण मेलेल्यांत त्याची नोंद नाही. आम्ही त्याला विसरलो होतो.

गेल्या महिन्याच्या वादळानंतर तो परत आला! म्हातारा, पिसं विस्कटलेली, एक नखर नाही. बरोबर त्याच झाडाच्या त्याच फांदीवर येऊन बसला, जिथे त्याचं घरटं होतं. आणि गायला लागला. दादा, एक सूर चुकला नाही. बाईंनी सात वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रण केलं होतं, मी दोन्ही लावून बघितली. हुबेहूब. पण ऐकणारे बदललेत. माद्या समोरून उडून जातात, मान वळवत नाहीत. नर तर त्याला हाकलायचीही तसदी घेत नाहीत, त्यांच्या लेखी तो पक्षीच नाही. चार दिवस तो त्या फांदीवर गात राहिला. पाचव्या दिवशी फांदी सोडली आणि दरीतल्या एकेका झाडावर जाऊन एकेकदा गायला. एकदाच. थांबायचा, मान वाकडी करून ऐकायचा, मग पुढचं झाड. मी पंचवीस पावलांवर बसून नोंद घेत होते. एकेचाळीस झाडं. प्रतिसाद : शून्य.

मला ध्वनिमुद्रण वाजवून त्याला उत्तर देता आलं असतं, पण तसं करायचं नसतं. मध्ये पडलं की निरीक्षण बाद. आणि हे निरीक्षण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं आहे. पुस्तकात लाखो वर्षं म्हणतात, इथे सात वर्षांत झालं, आणि त्याची साक्ष माझ्यासमोर! तुझ्या भाषेत सांगायचं तर त्याची किल्ली मूळ होती, चोख होती, त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तो नसताना कुलूप बदललं, एवढंच.

आईला ही गोष्ट नक्की सांग. आवडेल तिला.

टिटवी

*

६ जुलै

टिटवे,

त्या पक्ष्याला उत्तर दे. नियम गेला खड्ड्यात. तुझं निरीक्षण बाद झालं तर होऊ दे. हे पत्र हातात पडेल त्या क्षणी ते यंत्र उचल आणि दरीत जा. आधी ते कर, मग पुढचं वाच.

आई गेली. २८ एप्रिलला.

मी तुला एकही खोटं वाक्य लिहिलं नाही. मागचं पत्र काढून बघ. प्रत्येक वाक्य खरं आहे, आणि तीच माझी लबाडी आहे.

२२ तारखेला दुपारी पाऊस लागला होता. काकू आत चहा करत होत्या. त्या आधी वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेल्या होत्या आणि येताना दार ओढायचं राहिलं होतं. बाहेर येऊन बघतात तर स्टूल रिकामं. बिचाऱ्या तशाच अनवाणी बसथांब्याकडे धावल्या, कारण आई नेहमी तिकडे जाते. जाताना दार ओढून गेल्या. ते लागलं. आपोआप लागतं ना ते.

आई बसथांब्याकडे गेलीच नव्हती. कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. टिटवे, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा ती स्वतःहून घरी परत आली. बरोबर जिना चढली, बरोबर दारापाशी उभी राहिली. समोरच्या गॅलरीतल्या इस्त्रीवाल्यानं सगळं बघितलं. तिनं गळ्यातली किल्ली काढली, कुलपात घातली, फिरली नाही. काढली, पदराला पुसली, पुन्हा घातली. मग काढून घेतली. जोर लावला नाही. तिनं आयुष्यात कधी जोर लावला नाही. मागे वळून इस्त्रीवाल्याला म्हणाली, "माफ करा हं, दार चुकलं." त्याला वाटलं, आजी मला काय सांगताहेत. तो हसला आणि कामाला लागला.

मग ती खाली उतरली आणि आपल्या रस्त्यावरच्या एकेका दाराशी गेली. मी नंतर विचारत फिरलो. सगळ्यांनी तेच सांगितलं. एकदा किल्ली लावून बघायच्या, माफ करा म्हणायच्या, पुढे जायच्या. त्यांना वाटलं, कुलूपवाल्या आजी काहीतरी तपासताहेत. भर पावसात. कुणी थांबवलं नाही. संध्याकाळी मला ती रस्त्याच्या टोकाला, बंद गोदामाच्या पायरीवर सापडली. पार भिजलेली. किल्ली हातात. सहा दिवस हॉस्पिटलात होती, फुप्फुसात पाणी झालं.

चौथ्या दिवशी जरा शुद्धीवर होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही किल्लीवाले ना? ही घ्या. कुणाच्या घराची आहे बघा, तो माणूस बाहेर खोळंबला असेल." मी घेतली. बघतो म्हटलं. मला "आई, आपलीच आहे" म्हणता आलं नाही. त्या एका वाक्यासाठी मी स्वतःला माफ करणार नाही.

वायरलेसवरून कळवता आलं असतं. ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन आलो. पण तुझी ती तीन रेघांची ओळ डोळ्यांसमोर होती. कुलूप बदल हे तू लिहिलंस. तू तिथे एकटी, आणि तीन आठवडे बोट नाही. त्या खोलीत तू त्या ओळीबरोबर कशी राहिली असतीस? मी म्हटलं, हे माझ्यापाशीच राहू दे. कुलूप मी बसवलं, तेही वाकडं. तुझी पत्रं मी तिच्या खाटेकडे तोंड करून मोठ्यानं वाचत होतो. आणखी दोन महिने असंच करणार होतो. पण तू त्या पक्ष्याचं लिहिलंस, एकेका झाडाचं, आणि शेवटी "आईला सांग" लिहिलंस. माझ्यानं ते मोठ्यानं वाचवलं नाही.

तू विचारशील, म्हणून सांगतो. शेवटी तिनं तुझं नाव घेतलं नाही. घेतलं असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण आता मी तुला काहीच लपवून सांगणार नाही. माझंही घेतलं नाही.

दादा

*

२७ जुलै

दादा,

तू सांगितलंस तसंच केलं. पहिला परिच्छेद वाचून पत्र घडी केलं आणि यंत्र घेऊन दरीत गेले. फांदी रिकामी होती. तो दहा दिवसांपूर्वीच दिसेनासा झाला होता, मला ते माहीत होतं, तरी गेले. रिकाम्या फांदीखाली बसून त्याचं गाणं लावलं. पूर्ण. मग घडी उघडून पुढचं वाचलं.

  मी तुझ्यावर चिडले आहे हे आधी लिहिते. तू माझ्यासाठी तीन महिने आई जिवंत ठेवलीस. मी तिला निरोप पाठवत राहिले, विनोद पाठवत राहिले. माझ्या वहीच्या मागच्या पानावर "मूळ कुणाकडे आहे?" याच्या खाली जागा सोडली होती, पुढच्या वाक्यासाठी. याबद्दल तुझे पाय धरावेत की तुझ्याशी जन्मभर अबोला धरावा हे माझं ठरत नाही. दोन्ही करीन बहुतेक.

आणि आता हे नीट वाच. ती ओळ तुझी नाही, माझी आहे. "तिला काही कळणारसुद्धा नाही" असं मी लिहिलं होतं. इथून, सुरक्षित बसून, माणसं म्हणजे मोजायची पाखरं असल्यासारखं. तिला सगळं कळलं. तिचं काही चुकलं नव्हतं, दादा. ती घरी आली होती. तुझ्याकडून ते ओझं मी काढून घेत नाही, तू देणार नाहीस ते मला माहीत आहे. पण अर्धं माझं आहे, आणि माझ्या अर्ध्याला हात लावायचा नाही.

नोंदवहीत मी "प्रतिसाद : शून्य" लिहिलं आहे. काल ते पान काढून बराच वेळ बघत बसले. ते खोटं आहे. पंचवीस पावलांवर बसून मी त्याचा प्रत्येक सूर ऐकत होते. उत्तर दिलं नाही एवढंच. माझ्यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही. मी ते निरीक्षण माझ्या हातानं बाद केलं आणि कारण लिहिलं : निरीक्षक गप्प बसली. ऑफिसातले काय समजायचं ते समजोत.

सात सप्टेंबरच्या बोटीनं निघतेय. एक मागणं आहे, नाही म्हणू नकोस. ड्रॉवरमधलं जुनं कुलूप परत बसव. मी दार वाजवणार नाही. माझ्या खिशात तिच्या कुलपाची किल्ली आहे, मी त्या किल्लीनं घरात येणार.

टिटवी

*

१७ ऑगस्ट

टिटवे,

ज्या बोटीनं हे पत्र येईल त्याच बोटीनं तू निघशील, तेव्हा हे बोटीतच वाच. पोटातलं सगळं बाहेर काढायच्या आधी.

कुलूप बसवलं. चौकटीला तिच्या स्क्रूंची जुनी भोकं होती, त्यांतच बसलं. यावेळी सरळ आहे, तीनदा मोजलं. तिची किल्ली मी नाडीसकट खुंटीला टांगली आहे. रोज सकाळी एकदा त्या किल्लीनं दार उघडतो आणि लावतो. बाकी काही करत नाही.

एक कबुली द्यायची राहिली आहे. तुझी किल्ली काढून बघ. डोक्यावर एक खाच आहे ना? खोटी आहे. दोन हव्यात. तू शिकायला बाहेरगावी गेलीस त्या दिवशी घाई होती, आई दुकानात होती, तिच्याकडून मूळ मागितली असती तर शंभर प्रश्न विचारले असते. मी माझ्या किल्लीवरून तुझी केली आणि एकच खाच मारली. म्हणून ती नेहमी कुरकुरायची, तू म्हणायचीस, घर मला आत घ्यायला नाखूश आहे. घर नाही ग, माझी चूक होती. केसभर. त्यात कुलूप चार महिने तेलात पडलेलं, आतून जरा आखडलंय. तेव्हा लागेलच असं मी कारागीर म्हणून सांगू शकत नाही.

पण भाऊ म्हणून सांगतो. मी दुकान बंद ठेवून दिवसभर घरात बसणार आहे. किल्ली लागली नाही तर आईचं ऐकू नकोस. माफी मागू नकोस, मागे फिरू नकोस. दार चुकलेलं नाही. जोर लाव. मोडली तर मोडू दे. मी आतच आहे.

दादा